झुरळांचा सट

मला बरणी म्हणू नका. बरणी लहान असते, एका हातात मावते, लिंबा-आवळ्याच्या कामाची असते. मी सट आहे. चिनी मातीचा, जाड अंगाचा, वरून तपकिरी, खालून पिवळट. मला उचलायचं तर दोन्ही हात लागतात. तुपासाठी मला केलं होतं. आज मी चुलीमागे बसून झुरळं धरतो.

हे कसं झालं ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. लोक हसतील या भीतीनेच माझ्या घरची माणसं एकदा आंधळी झाली होती.

माझी भट्टी कोणत्या गावची ते मला ठाऊक नाही. आग तेवढी आठवते. पेंढ्यात गुंडाळून मला आगगाडीत घातलं. मलकापूरला उतरवलं. तिथून मोटारीने बुलढाण्याला आणि मग बैलगाडीने धाडच्या बाजारात. महाराष्ट्र राज्य झालं ते साल. बाजारात त्याची बोलणी चालायची. मी गोणपाटावर उन्हात बसून होतो. येणारा-जाणारा माझ्या तोंडात हात घालून पाहायचा. हात धुतलेला नसायचा.

अंबूबाईने हात घातला नाही. तिने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. एकदा पोटावर, एकदा गळ्यावर, एकदा बुडावर.

"वाजवून काय राह्यली वो माय?" विकणारा म्हणाला. "तबला हाय का तो?"

"फुटका निघाला त पुढच्या बाजारी तुया डोक्यावर वाजवून पाहीन," अंबूबाई म्हणाली.

मला ती आवडली. तिच्या डोक्यावर बसून मी घरी आलो.

घर मातीचं, वर टिनपत्रं. माणसं तीन. अंबूबाई, तिचा मुलगा शालिग्राम आणि सून रुख्मिणी. शालिग्राम भाजीपाला पिकवायचा. वांगी, मिरची, कोबी. त्याच्या वांग्यावर डाग सापडत नसे, आणि सापडला तर तो दिवसभर कोणाशी बोलत नसे. दारात एक म्हैस. तिचं तूप माझ्यात. चुलीच्या वरच्या फळीवर माझी जागा होती. घरात काय शिजतं, कोण काय बोलतं, कोण कोणावर रुसलं, सगळं मला वरून दिसायचं.

रुख्मिणी उंद्रीची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिची आई वारली. दिवस करून ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर एक झाकलेलं टोपलं होतं. अंबूबाईला वाटलं, पापड-कुरड्या असतील. फडकं काढलं तर आत मांजरीचं पिल्लू. मातकट रंगाचं, डोळे नुकते उघडलेलं.

"सगळे माहेराहून लुगडं आणतात, तू मांजर आणलं," अंबूबाई म्हणाली. "आता दूध दोघींले लागन."

रुख्मिणीने पिल्लाला पदरात घेतलं. पिल्लाचं नाव भुरी ठेवलं. भुरी मोठी झाली आणि तिने चुलीमागची ऊबदार जागा धरली. ती माझ्या फळीच्या अगदी खाली निजायची. दिवसातून दहादा उठून अंग साफ करायची. पंजा, मान, पाठ, पोट, शेपटी. माणसाला सणाच्या दिवशी जमत नाही एवढी सफाई ती रोज करायची.

आता झुरळांविषयी. झुरळं घरात कुठून येतात, हे लोक एकमेकांना विचारतात. शेजाऱ्याकडून आली म्हणतात, पावसाने आली म्हणतात. मी फळीवरून पाहत होतो. ती शालिग्रामच्या पोत्यांतून आली. बुलढाण्याच्या बाजारातून तो रिकामी पोती परत आणायचा. भिजू नयेत म्हणून चुलीमागे रचून ठेवायचा. तिथे ऊब, तिथे अंधार. पोत्यांना कोबीचा सडका पाला चिकटलेला. चुलीचं पोतेरं ओलंच कोपऱ्यात टाकलेलं. उष्टी ताटं सकाळपर्यंत तशीच. झुरळाला आणखी काय पाहिजे? त्याला जेवण घालणारे तुम्ही, पाणी पाजणारे तुम्ही, पांघरूण देणारेही तुम्ही. आणि शिव्या झुरळाला.

माझ्यावरही अन्याय झाला होता. माझं झाकण माझ्यासोबत भट्टीतून निघालेलं, माझ्याच मापाचं. अंबूबाईच्या हातून ते पडलं. नवं आणलं नाही. माझ्या तोंडावर जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाकडी ताटली ठेवली. तिच्या एका बाजूने बोट जाईल एवढी फट. मी तुपाचा सट, आणि माझ्या डोक्यावर टोपी पाहा कसली!

व्हायचं ते झालं. शालिग्रामची बहीण धामणगाव बढ्याला दिली होती. तिचे सासरे किसनराव एकदा जेवायला आले. इकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई घरी आला की घराची परीक्षा असते. अंबूबाईने पुरण घातलं. चुलीच्या पुढ्यात पाट मांडला. रुख्मिणीने मला खाली घेतलं, तूप पातळ करून वाटीत काढलं आणि वाटी ताटाशी ठेवली. अंधाऱ्या स्वयंपाकघरात तिला काही दिसलं नाही.

"घ्या इवाई, घरच्या म्हशीचं हाय," अंबूबाई म्हणाली.

किसनरावांनी वाटी उचलली. पोळीवर ओतता ओतता थांबले.

"इहीणबाई, तुमी तुपात खारीक टाकता का?"

"खारीक? नाई बा."

"मंग हे काय हाय?" त्यांनी वाटी उजेडाकडे धरली. "अन् खारकेले मिशा कवापासून आल्या?"

ते हसले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी कोरडी पोळी खाल्ली, सगळं जेवण संपवलं, पान खाल्लं. पण हसणं मोठं होतं, गल्लीत गेलं. आणि ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली नाही. पुढच्या बाजारी शालिग्राम वांगी घेऊन बसला तर एकाने विचारलं, "काय शालिग्रामभाऊ, आज वांगे आणले का खारका?"

तो दुपारीच घरी आला. वांगी तशीच पाटीत. रुख्मिणीने पाणी दिलं, प्याला नाही.

"एक बी झुरळ राह्यलं नाई पाह्यजे या घरात," तो म्हणाला.

"पोते बाहेर काढा मंग," रुख्मिणी म्हणाली. "माह्या मायच्या घरी चुलीजवळ पोतं ठेवत नोते."

"तुया मायचं घर नोको सांगू मले."

तो मागच्या खोपटात गेला. वांग्यावर किडी पडल्या की तो एक पांढरी पावडर धुरळायचा, डीडीटीची. तिचा डबा घेऊन आला. जुन्या धोतराच्या फडक्यात पावडर घेऊन त्याने पुरचुंडी बांधली, काठीच्या टोकाला लावली. वावरात सगळे तसंच करतात. झाडाच्या वर काठी धरायची आणि टपटप झटकत पुढे जायचं. त्याने ते चुलीमागे केलं, पोत्यांवर केलं, भिंतीच्या भेगांवर केलं. वांग्याच्या वाफ्यातून चालावं तसा तो घरातून चालला.

मी त्याला सगळाच दोष देणार नाही. पाण्याचे घडे त्याने आधी बाहेर काढले होते. पिठाचा डबा, मीठ-मिरची, भाकरीची टोपली, सगळं अंगणात. मला ओसरीवर ठेवलं होतं, तिथून दारातून आतलं दिसत होतं. म्हशीची वगार, म्हणजे तिचं रेडकू, लांब बांधली. माणसासाठी जे जे करायचं ते त्याने केलं. पण रुख्मिणी दारात उभी होती.

"भुरीचं काय?"

"भुरीचं काय म्हंजे?"

"ते इथंच निजते. चुलीमागं."

"त मंग? मांजर काय पावडर खाते? पेढा हाय का तो?"

"पायाले लागन तिच्या."

"माह्या पायाले रोज लागते वावरात. मी मेलो का?"

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मला अजून राग येतो. तो वावरातून आला की दाराशी दगडावर उभा राहून पाण्याने पाय धुतो. भुरीही धुते. जिभेने धुते. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धुत होती. कौतुकही करायचे, पाहा कशी तोंड धुते म्हणून. आणि ज्या दिवशी आठवायचं त्या दिवशी एकालाही आठवलं नाही. मला तोंड आहे, आवाज नाही. असता तर त्या दिवशी गल्ली गोळा केली असती.

तरी रुख्मिणीने आपल्यापरीने केलं. भुरीला गोठ्यात नेऊन शेणाच्या टोपल्याखाली झाकलं, वर दगड ठेवला. रात्री मी परत फळीवर होतो. खाली झुरळं पोत्यांतून निघत होती, गोल फिरत होती, पाठीवर पडत होती.

सकाळी रुख्मिणी शालिग्रामसोबत वांगी तोडायला गेली. अंबूबाईला शेण भरायला टोपलं पाहिजे होतं. रोजचंच टोपलं, रोजचंच काम. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने दगड काढला, टोपलं उचललं.

भुरी थेट घरात आली. पोत्यांवर चढली. उलट्या पडलेल्या झुरळांना पंजा मारून पाहिला, थोडी खेळली, त्यांच्यात लोळली. मग नेहमीच्या जागी बसली आणि अंग साफ करायला लागली. पंजा, मान, पाठ, पोट. तिचं पोट पांढरं दिसत होतं. ती ते चाटत होती.

दुपारी रुख्मिणी पाटी उतरवून आत आली तेव्हा भुरी चुलीपुढे आडवी होती. आधी कान थरथरत होते. मग मान. मग सगळं अंग, थंडीत कुडकुडावं तसं, आणि दिवस तर उन्हाचे. कोणी भांडं आपटलं की पाय ताठ व्हायचे.

"आत्याबाई! भुरीले काय झालं?"

अंबूबाई वाकली. तिला कळायला वेळ लागला नाही. "इख गेलं पोटात. तूप पाज."

"तुपानं उतरते?"

"उतरते म्हंजे! माह्या सासऱ्यानं धोतऱ्याचं बी खाल्लं होतं. तूपच पाजलं होतं."

"मंग वाचले का?"

"वाचले त! पुढं बैलानं मारलं, ते अलग."

मला खाली घेतलं. माझ्यातलं तूप काढलं, कोमट केलं. लहान मुलाला दूध पाजायचं पितळी बोंडलं आणलं. रुख्मिणीने भुरीचा जबडा उघडला आणि अंबूबाईने तूप ओतलं. थोड्या वेळाने भुरी जास्त थरथरायला लागली. "कमी पडलं," अंबूबाई म्हणाली. पुन्हा पाजलं. भुरीचे डोळे वर गेले, तोंडातून लाळ आली. अंबूबाईने तिसऱ्यांदा माझ्यात हात घातला.

घरोघरी हेच आहे. साप चावला, तूप. भाजलं, तूप. विष गेलं, तूप. कोणतं विष, कशात विरघळतं, कोणी विचारत नाही. तूप देवाला चालतं म्हणजे सगळ्याला चालतं.

त्या दिवशी गल्लीत मोतीरामची म्हैस अडली होती. तिच्यासाठी गुरांचे डॉक्टर भाऊराव सायकलवर आले होते. काम आटोपून ते दारावरून चालले होते. रुख्मिणीने जबडा सोडला, भुरीला पदरात घेतलं आणि बाहेर गेली. ही सून इतक्या वर्षांत गल्लीत मोठ्याने बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर भुरीच्या अंगावर होता. त्याच वेळी शालिग्राम वावरातून आला.

"घरात चाल," तो म्हणाला. "लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"मांजरापायी डाक्टर? बैलाले नेते, म्हशीले नेते. मांजराले कोणी नेते का? गाव हासन."

"हासू द्या. खारकेले हासलंच ना? त्या हासण्यापायीच हे झालं." तिचा आवाज चढला. "डाक्टर! ओ डाक्टर! थांबा!"

भाऊरावांनी सायकल थांबवली. आधी तेही हसले. "वहिनी, मी ढोराचा डाक्टर हाय. मांजर घेऊन अजून कोणी आलं नाई माह्याकडं." मग त्यांनी पदर बाजूला केला आणि हसणं थांबलं. ते आत आले. भुरीच्या पोटावरून त्यांनी बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. नाकाशी नेलं.

"काय टाकलं घरात?"

शालिग्राम भिंतीकडे पाहत म्हणाला, "डीडीटी. झुरळं झाली होती."

"अन् हिले पाजलं काय?"

"तूप," अंबूबाई म्हणाली. अभिमानाने म्हणाली. "घरचं."

"ठेवा ते बोंडलं खाली! अजून एक थेंब नाई." भाऊरावांचा आवाज पत्र्याला लागला. "हे इख पाण्यात विरघळत नाई, माय. तुपात विरघळते. तूप पोटात गेलं का त्याच्यासंगं हे रक्तात जाते. तूप नाई, तेल नाई, दूध बी नाई."

"तुपाले नाव ठेवते का रे तू?"

"तुपाले नाई. तुमाले ठेवून राह्यलो."

अंबूबाईने बोंडलं खाली ठेवलं. तुपाचा हात पदराला पुसला.

"साबण आणा," भाऊराव म्हणाले. "कोमट पाणी आणा. अंगावरची पावडर आधी काढा, नाई त शुद्धीवर आली का पुन्हा चाटते."

घरात वासाच्या साबणाची एक वडी होती. पाहुण्यांसाठी ठेवलेली, कागदही न काढलेली. रुख्मिणीने ती फोडली. घंगाळात पाणी ओतलं. भुरी अर्धमेली होती, तरी पाणी लागताच नखं काढली. शालिग्रामने तिचे पाय धरले. त्याच्या मनगटावर लांब ओरखडे उठले, रक्त आलं. त्याने पकड सोडली नाही. पहिलं पाणी दुधासारखं निघालं. दुसरं गढूळ. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं, मग कोरडं पुसलं. शालिग्रामने आपलं धुवट धोतर काढून दिलं, त्यात तिला गुंडाळलं.

भाऊरावांनी लहानसं इंजेक्शन दिलं, झटके कमी व्हावेत म्हणून. "अंधाऱ्या जागी ठेवा. भांडं वाजवू नका, मोठ्यानं बोलू नका. आवाजानं झटका येते. माह्या हातचं एवढंच होतं."

"वाचन का?" रुख्मिणीने विचारलं.

"सांगता येत नाई, वहिनी. तूप जास्त गेलं."

जाताना ते शालिग्रामला म्हणाले, "घरात झाडू मारू नोका. धूळ उडन अन् तुमच्याच नाकात जाईन. ओल्या फडक्यानं पुसा. वरची माती खरवडून विहिरीपासून दूर पुरा. अन् ते वावराचं वावरात ठेवत जा."

भुरीला धान्याच्या खोलीत ठेवलं. त्या घरात तीन माणसं कुजबुजत राहिली. अंबूबाईने भांडी घासली तर परातीखाली फडकं घालून. शालिग्राम बाजाराला गेला नाही. वांगी पाटीत सुकली. डाग पडले. त्याने पाहिलंही नाही. सगळी पोती त्याने बाहेर काढून वावरातल्या खोपटात नेली. मग गुडघ्यावर बसून जमीन खरवडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो धान्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. रुख्मिणी आत बसली होती.

"कसं हाय?"

"तसंच."

तो उभाच होता. रुख्मिणी म्हणाली, "हिची माय माह्या मायच्या उशाशी निजे. माय गेली, तवा दोन दिवस जागची उठली नाई ते. उंद्रीहून मी हे एकच आणलं. तिकडं आता काई नाई राह्यलं माह्यं."

शालिग्राम खाली बसला. उंबऱ्याच्या बाहेरच बसला. 

तिसऱ्या दिवशी भुरीने वाटीतलं पाणी चाटलं. मग ती धान्याच्या खोलीतून स्वतः चालत आली, तिरपी तिरपी, भिंतीला अंग घासत. अंबूबाईने देवापुढे साखर ठेवली. रुख्मिणी रडली. शालिग्राम म्हशीला पाणी पाजायला निघून गेला. म्हशीला नुकतंच पाजलं होतं.

भुरी वाचली. माझं मात्र बिनसलं.

झुरळं सगळी मेली नव्हती. आणि माझ्यातलं उरलेलं तूप आता कोणी खाईना. अंबूबाईने ते दिव्याला वापरून संपवलं. रिकामा झालो तसा रुख्मिणीने मला खाली घेतलं. मला वाटलं, घासून उन्हात ठेवेल. तिने घासलं, पुसलं, आणि माझ्या तळाशी गुळाचा खडा टाकला. गळ्याच्या आत तेलाचं बोट फिरवलं. बाहेरून दोन काड्या टेकवल्या, शिडीसारख्या. आणि मला चुलीमागे ठेवलं.

"हे काय वो?" अंबूबाई ओरडली. "तुपाचा सट झुरळाले? लक्ष्मी जाईन घरातून!"

"आतून इतकं गुळगुळीत भांडं दुसरं नाई, आत्याबाई. झुरळ आत पडलं का चढता येत नाई. माह्या मायनं असंच केलं होतं."

"तुया मायनं तुपाच्या सटात केलं होतं?"

"लोट्यात. आमच्या घरी तूप नोतं इतकं."

 मला कोणी विचारलं नाही.

झुरळं आली. गुळाच्या वासाने काड्यांवरून चढली, तेलावरून घसरली, माझ्या पोटात पडली. रात्रभर पाय वाजवत होती. मी, ज्याच्यात पांढरं दाणेदार तूप असायचं! सकाळी रुख्मिणी मला बाहेर नेऊन साबणाच्या पाण्यात उपडं करायची, धुवायची, पुन्हा गूळ टाकायची. असं पंधरा-वीस दिवस. सोबत तिने भिंतीच्या भेगा मातीने लिंपल्या. ताटं जेवल्यावर लगेच घासायला लागली. पोतेरं पिळून बाहेर दोरीवर टाकायला लागली. खरं सांगायचं तर झुरळं त्यानेच जास्त कमी झाली. मी खोटं बोलणार नाही. पण नाव माझं झालं.

नाव झालं म्हणजे बदनामी झाली. गल्लीतल्या बाया यायला लागल्या. "अवं रुख्मिणी, तो झुरळाचा सट दे ना आठ दिवस." रुख्मिणी द्यायची. मी घरोघर जायचो. चुलीमागे बसायचो. माझ्या काठाचा टवका उडाला तो सुभद्राबाईच्या घरी. तिच्या घरी बाजेखाली कुत्रीची पिल्लं होती. मला ठेवल्याला दोन दिवस झाले नाहीत तर ती म्हणाली, "याच्यानं कवा होईन? त्यापरीस पावडर टाकली त एका रातीत काम होते." रुख्मिणी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मंग आधी पिल्लं माह्या घरी नेऊन ठेवतो. पावडर धुऊन निघाली का सांग, तवा आणीन." सुभद्राबाईने पावडर टाकली नाही. मला वीस दिवस ठेवून घेतलं.

तुम्हाला घाई कशाची असते, ते मला कळत नाही. झुरळं यायला वर्ष लागतं. त्या वर्षभर तुम्ही कोपऱ्यात ओलं टाकता, उष्टं ठेवता. मग एक पाहुणा हसतो आणि तुम्हाला ती एका रात्रीत जायला पाहिजेत. तुमच्या घरात मांजर आहे, कुत्रं आहे. भिंत चाटणारी वगार आहे, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आहेत. रांगणारं मूल आहे, जे जमिनीवरचा हात सरळ तोंडात घालतं. त्यांना पाय धुवायचा दगड नाही. पावडरीचा डबा उचलण्याआधी घरात एकदा नजर फिरवा. एवढंच माझं मागणं आहे. माझ्यासारखा सट घरात नसेल तर लोटा चालेल. मान जाईल तो भांड्याचा जाईल.

अंबूबाईला मात्र माझा मान सुटत नव्हता. गल्लीतली मागणी थांबली आणि झुरळं दिसेनाशी झाली तेव्हा तिने मला राखेने घासलं, कढत पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. रिकामाच. तूप घालायची कोणाची हिंमत नव्हती. तरी वरून सगळं दिसत होतं, आणि मी स्वतःला सट म्हणवून घेत होतो.

अशी बरीच वर्षं गेली. परवा शालिग्राम वावरातून आला. वांग्यांवर पावडर धुरळून आला होता. पाणी प्यायला सरळ आत आला, आणि चुलीच्या कडेने एक झुरळ पळालं. मोठं होतं, मिशांचं. तो थांबला. मी त्याच्याकडे पाहत होतो. पावडरीचा डबा वावरात होता, पण वावर काही लांब नाही.

त्याने हात वर केले आणि मला खाली घेतलं. स्वतः. शिंक्यातून गुळाचा खडा काढला, माझ्यात टाकला. मला चुलीमागे ठेवायला तो वाकला. मी रागावलो. अजूनही रागावलेला आहे. एवढं घासून-पुसून पुन्हा तेच.

भुरी तिथेच निजली होती. आता म्हातारी झाली आहे, कान कधी कधी आपोआप थरथरतो. ती उठली, आळस दिला आणि मान पुढे करून त्याच्या हाताकडे जीभ नेली.

त्याने हात झटकन मागे घेतला. बोटांच्या पेरांत पांढरं होतं. माझ्या पोटावरही त्याच्या पंजाचा पांढरा ठसा उमटला होता.

"थांब," तो म्हणाला.

मला उचलून तो बाहेर गेला. दगडावर उभा राहिला. आधी हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत. मग पाय. मग मला आतून-बाहेरून धुतलं. गूळ फेकून नवा घातला. आत येऊन मला जागेवर ठेवलं, आणि चुलीपुढे खाली बसून ओला हात भुरीपुढे धरला.

तिने आधी वास घेतला. मग चाटला.